एक टक्का चालणारे, नव्व्याण्णव टक्के उभे: गर्दीतल्या जेनस कणांचं प्रकरण

प्रकरण

काचेच्या सपाट सेलच्या (द्रवाने भरलेल्या पातळ कप्प्याच्या) तळाशी सिलिकाचे काही मायक्रॉन व्यासाचे गोल कण एका थरात पसरले आहेत. त्यांतला शंभरात एकही कण धड स्वतःहून चालणारा नाही. बाकी सगळे द्रवाच्या रेणूंच्या धक्क्यांनी जागच्या जागी डुलणारे, म्हणजे निष्क्रिय. प्रकाश पाडला की ते मूठभर सक्रिय कण चालू लागतात आणि पुढे काय होतं ते निष्क्रिय कणांच्या दाटीवर ठरतं. दाटी कमी असेल तर निष्क्रिय कणांचे पुंजके तयार होतात आणि सक्रिय कण त्यांच्या कडेला चिकटल्यासारखे उभे राहतात. दाटी वाढवली की हे पुंजके एकमेकांत मिसळतात आणि आवळले जातात. आणखी वाढवून निष्क्रिय कणांचा स्फटिक होऊ दिला, तर त्यात अडकलेले सक्रिय कण तो स्फटिक आपल्या आसपास वितळवतात. म्हणजे जे कण एका दाटीला बांधणी करतात, तेच दुसऱ्या दाटीला मोडतोड करतात.

हे निरीक्षण क्युमेल, शबेस्तरी, लोझानो, व्होल्पे आणि बेखिंगर यांनी २०१५ साली ‘सॉफ्ट मॅटर’ या नियतकालिकात मांडलं. बेखिंगर यांचा गट तेव्हा स्टुटगार्टला होता. निव्वळ सक्रिय कणांचे पुंजके त्याआधी लिऑन, न्यूयॉर्क आणि स्टुटगार्ट इथल्या गटांनी २०१२-१३ मध्येच दाखवले होते. हे प्रकरण वेगळं ठरतं ते सक्रिय कणांच्या नगण्य प्रमाणामुळे. प्रचलित सिद्धान्ताच्या हिशेबाने एवढ्या थोड्या कणांनी काहीच व्हायला नको होतं. तो हिशेब कुठे अपुरा पडतो हेच इथे तपासायचं आहे. त्यासाठी खालचे आकडे ४.२ मायक्रॉन व्यासाचा कण आणि सेकंदाला १ मायक्रॉन वेग धरून काढले आहेत. या जातीच्या प्रयोगांत आकार आणि वेग साधारण याच पट्ट्यात असतात.

कण, द्रव आणि सेल

सक्रिय कण म्हणजे जेनस कण: सिलिकाचा गोळा, त्याच्या अर्ध्या भागावर सुमारे २० नॅनोमीटर जाडीची कार्बनची टोपी. तो बनवायला सिलिकाच्या पातळ निलंबनाचा थेंब स्वच्छ काचपट्टीवर वाळवतात, त्याने कणांचा एकपदरी थर मिळतो. निर्वात कक्षात वरून कार्बन चढवला की फक्त वरचा अर्धा गोल झाकला जातो. मग पट्टी पाण्यात बुडवून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये कण सोडवायचे. इथे दोन चुका हटकून होतात. थर दुपदरी झाला तर खालच्या कणांना टोपी बसत नाही किंवा अर्धवट बसते, आणि नंतर हे कण ‘निष्क्रिय’ म्हणून मोजले जातात. अल्ट्रासॉनिक जास्त वेळ चालवलं तर टोपीचे पापुद्रे निघतात आणि कण सरळ चालण्याऐवजी गोल गोल फिरू लागतो. म्हणून निष्क्रिय कणांत मिसळण्याआधी नुसते जेनस कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावेत. साध्या प्रकाशात टोपीची बाजू काळी दिसते, त्यामुळे चंद्रकोर झालेला आणि न झालेला कण लगेच ओळखू येतो.

द्रव म्हणजे पाणी आणि २,६-ल्युटिडीन यांचं मिश्रण. ल्युटिडीन वजनाने सुमारे २८.६ टक्के घेतात, म्हणजे १० ग्रॅम मिश्रणात २.८६ ग्रॅम. हे वजनकाट्यावरच मोजावं. पिपेटने आकारमान मोजून केलेलं मिश्रण पुढे रडवतं. या प्रमाणाचं मिश्रण सुमारे ३४ अंश सेल्सिअसच्या वर दोन द्रवांत फुटतं. सेल त्याहून काही अंश खाली स्थिर ठेवायचा आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश रुंद झोताने टाकायचा. सिलिका आणि द्रव तो प्रकाश जवळपास शोषत नाहीत, कार्बनची टोपी शोषते. टोपीभोवतीचं तापमान उंबरठा ओलांडतं, तिथलं मिश्रण स्थानिक पातळीवर वेगळं होतं, आणि त्या असमतोलाने कण ढकलला जातो. प्रकाशाची तीव्रता कमी-जास्त केली की वेगही कमी-जास्त होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणाऱ्या प्लॅटिनमच्या जेनस कणांपेक्षा ही पद्धत अशा प्रयोगाला कितीतरी सोयीची, कारण इथे इंधन संपत नाही, ऑक्सिजनचे बुडबुडे येत नाहीत आणि दिवा बंद केला की तोच नमुना नियंत्रण प्रयोग होतो.

ल्युटिडीनला उग्र वास असतो, ते पेट घेतं, आणि बऱ्याच गोंदांना व काही प्लास्टिकना ते मऊ करतं. सेलची कड नीट बंद झाली नाही तर ते उडून मिश्रणाचं प्रमाण सरकतं. मग त्याच तीव्रतेला सकाळचा वेग आणि संध्याकाळचा वेग जुळत नाही. वेग हळूहळू सरकत असेल तर आधी सेलची कड तपासावी, दिव्याला दोष नंतर द्यावा.

किती कण घालायचे? तळाच्या क्षेत्रफळाचा जितका हिस्सा कणांनी झाकला जातो त्याला इथे व्याप्ती म्हणू. ०.४० व्याप्ती हवी असेल आणि सेलची उंची २०० मायक्रॉन असेल, तर द्रवात कणांचं आकारमान साधारण ०.५६ टक्के लागतं. मिलिलिटरला ११ मिलिग्रॅमच्या आसपास सिलिका झाली. कण सेकंदाला चार-साडेचार मायक्रॉन वेगाने खाली बसतात, त्यामुळे मिनिटाभरात सगळे तळाशी येतात. एकदा बसले की उठत नाहीत. औष्णिक धक्के या वजनाच्या कणाला सरासरी जेमतेम १२ नॅनोमीटर उचलू शकतात, म्हणून थर खऱ्या अर्थाने द्विमितीय राहतो. सेल मात्र समतल हवा. किंचित कलला तरी काही तासांत एका टोकाची व्याप्ती वाढलेली दिसते आणि ‘पुंजका तयार झाला’ असं वाटून जातं.

हिशेब काय सांगतो

या मिश्रणाची श्यानता पाण्याच्या सुमारे दुप्पट, २ मिलिपास्कल-सेकंद. तीवरून कणाचा विसरण गुणांक (औष्णिक धक्क्यांनी कण किती झपाट्याने इकडेतिकडे सरकतो त्याचं माप) सेकंदाला ०.०५ चौरस मायक्रॉनच्या घरात येतो आणि दिशा विसरायला लागणारा काळ सुमारे ११० सेकंद. या दुसऱ्या राशीला वळणकाळ म्हणू; पुढचं सगळं हिच्याभोवती फिरतं. (तळाच्या काचेजवळ कण जास्तच अडखळतो, त्यामुळे प्रत्यक्षात विसरण याहून कमी आणि वळणकाळ जास्त भरतो. दोन्ही आपल्या नमुन्यात मोजून घ्यावेत.) सेकंदाला १ मायक्रॉन वेगाने चालणारा कण दिशा विसरेपर्यंत ११० मायक्रॉन, म्हणजे आपल्या व्यासाच्या सव्वीसपट अंतर सरळ जातो. वेग गुणिले व्यास भागिले विसरण गुणांक, हा पेक्ले अंक (कणाची स्वतःची चाल औष्णिक डुलण्यापेक्षा किती वरचढ याचं माप) सुमारे ८० येतो. काही जण याच नावाखाली तीनने लहान आकडा वापरतात, म्हणून दुसऱ्याच्या आलेखाशी तुलना करण्याआधी व्याख्या बघावी.

सक्रिय कण एकमेकांना ओढत नसतानाही पुंजके का करतात, याचं उत्तर ठरलेलं आहे. दोन कण समोरासमोर आदळले की अडतात. वळल्याशिवाय त्यांची सुटका नाही. वळायच्या आत तिसरा येऊन धडकला तर अडलेल्यांची संख्या वाढते. कण जिथे मंदावतात तिथे साचतात आणि जिथे साचतात तिथे आणखी मंदावतात, असं हे चक्र. टायलर आणि केट्स यांनी २००८ मध्ये त्याची अट गणिताने मांडली: दाटीबरोबर वेग पुरेसा झपाट्याने घटला, तर एकसारखा पसरलेला समूह टिकत नाही. सगळे कण सक्रिय असतील आणि त्यांच्यात फक्त ढकलाढकली असेल, तर द्विमितीय संगणकीय प्रतिमानांत हे विभाजन (दाट आणि विरळ भाग वेगळे होणं) पेक्ले अंक ४० आणि व्याप्ती ०.६ यांच्या आसपास सुरू होतं.

रेडनर, हेगन आणि बास्करन यांचा २०१३ मधला हिशेब हाताशी ठेवायला सोपा आहे. पुंजक्याच्या कडेवर येणाऱ्या कणांचा दर विरळ भागातल्या दाटीवर आणि वेगावर अवलंबून; सुटणाऱ्यांचा दर वळणकाळावर. दोन्ही समान धरले आणि त्यांचा जुळवून घेतलेला गुणांक वापरला, तर व्याप्ती आणि पेक्ले अंक यांचा गुणाकार साधारण ३३च्या वर हवा. निष्क्रिय कण मिसळले तर ढोबळ मानाने त्यात सक्रियांच्या वाट्यानेही गुणायचं. आपल्या प्रकरणात व्याप्ती ०.६, पेक्ले अंक ८० आणि वाटा ०.०१, गुणाकार अर्ध्याच्या आसपास. हवे ३३. सत्तरपट तूट.

स्टेनहॅमर, विटकोव्स्की, मरेंदुझ्झो आणि केट्स यांनी २०१५ मध्येच मिश्र समूहांची प्रतिमानं चालवली. त्यांनाही विभाजनासाठी किमान १५ टक्के कण सक्रिय लागले, तेही पेक्ले अंक शेकड्यांत असताना. आपल्या ढोबळ सूत्रात पेक्ले अंक ३०० घातला तर १८ टक्के येतात, म्हणजे सूत्र अगदीच वाया गेलेलं नाही. तरी एक टक्क्याचा प्रयोग पुंजके दाखवतो. त्याचं कारण असं की प्रयोगात जमा होतात ते निष्क्रिय कण, आणि सूत्र सक्रिय कणांच्या जमण्याचं आहे. दोन वेगळ्या गोष्टींना आपण ‘पुंजका’ हे एकच नाव देतो.

विरळ दाटी: हाकून आणलेले पुंजके

एका सक्रिय कणाचा जोर किती? त्याच्या वेगाला द्रवाचा जेवढा विरोध तेवढा, सुमारे ०.०८ पिकोन्यूटन. समोर आलेला निष्क्रिय कण तो ढकलत नेतो. समोर नऊ जणांची रांग लागली आणि प्रत्येकाचा विरोध सुटा धरला, तर वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. प्रत्यक्षात रांगेतले कण एकमेकांच्या प्रवाहात असल्याने थोडे सहज सरकतात. पण रांग सरळ टिकत नाही. ढकललेला कण जरा बाजूला झाला की घसरून मागे पडतो. म्हणून एकटा सक्रिय कण मोठा पुंजका करू शकत नाही. विरुद्ध बाजूंनी तीन-चार जण आले तर मात्र मधले कण पळतील कुठे?

त्याचाही हिशेब होतो. २० मायक्रॉन त्रिज्येच्या पुंजक्याभोवती दहा सक्रिय कण आत तोंड करून उभे असतील, तर त्यांचा दाब मीटरला सुमारे ६ नॅनोन्यूटन. (थर द्विमितीय, म्हणून दाब लांबीमागे मोजायचा.) कठीण चकत्यांचा (एकमेकांना ओढत नाहीत, फक्त अडवतात अशा आदर्श गोलांचा) समूह गोठू लागतो तो ०.७० व्याप्तीला, आणि या आकाराच्या कणांसाठी तिथला औष्णिक दाब मीटरला सुमारे २.२ नॅनोन्यूटन येतो. म्हणजे आतले साठ-पासष्ट कण स्फटिकासारखे रचायला कडेला फक्त चार सक्रिय कण पुरतात, अर्थात ते नीट आत तोंड करून उभे राहिले तर. सगळे तसे उभे राहत नाहीत. निम्मा जोर कडेवरून घसरण्यात जातो असं धरलं तरी आठ. प्रयोगातल्या एक टक्क्याचं रहस्य बरंचसं इथे सुटतं. पूर्ण नमुन्यात एक टक्का असला तरी पुंजक्याच्या कडेवर तो सहज दहा टक्के होतो, कारण सक्रिय कण फिरत राहतात आणि जिथे अडतात तिथेच थांबतात.

हे पुंजके जिवंत असतात. कडेचा कण ११० सेकंदांच्या मापाने वळतो, कडेने घसरतो, सुटतो, दुसरा येतो. येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त झाले की आतले निष्क्रिय कण सैल होतात. म्हणून एका स्थिरचित्रावरून काही ठरवू नये. निदान दहा वळणकाळ, म्हणजे वीसेक मिनिटं, सलग चित्रण हवं.

वेग वाढवून काम लवकर उरकण्याचा मोह होतो. कणाचं द्रवातलं वजन सुमारे ०.३४ पिकोन्यूटन आहे. वेग सेकंदाला चार मायक्रॉनच्या पुढे गेला की त्याचा जोर वजनाची बरोबरी करतो आणि कण दुसऱ्याच्या डोक्यावर चढू शकतो. मग थर द्विमितीय राहत नाही, मोजलेली व्याप्ती खोटी ठरते, आणि ज्या अडण्यावर पुंजका उभा आहे ते अडणंच नाहीसं होतं.

मध्यम दाटी: आवळणं

निष्क्रिय कण वाढवले की पुंजके जवळ येतात आणि मिसळतात. यात गर्दीचं काम दुहेरी आहे. एकीकडे सक्रिय कणाला कडेपर्यंत पोचायला वेळ लागतो, वाटेत ढकलाढकली असते. दुसरीकडे एकदा अडल्यावर त्याची सुटका कठीण होते, कारण वळला तरी मोकळी वाट मिळत नाही. दादरला उतरायचं असलेला माणूस विरारच्या लोकलमध्ये दाराकडे तोंड फिरवू शकला तरी उतरेलच असं नाही, तशातली गत. पहिल्या परिणामाने पुंजके घटायला हवेत, दुसऱ्याने वाढायला. या प्रकरणात मधल्या दाटीला दुसरा परिणाम जिंकतो.

स्टेनहॅमर आणि सहकाऱ्यांच्या प्रतिमानांत याचीच दुसरी बाजू दिसते. निष्क्रिय कण आधीच एका बाजूला गोळा करून ठेवले, तर सक्रिय कण त्यांच्याभोवती कडं करतात, त्या कड्यातून दाबाची लाट आत सरकते आणि गाभा स्फटिकरूप होतो. सुरुवातीची मांडणी निकालात इतका फरक पाडत असेल, तर प्रयोगाआधी नमुना नीट विस्कटून घेणं ही औपचारिकता राहत नाही. दिवा लावण्याआधी सेल उलटा करून कण खाली बसू द्यावेत, मग व्याप्ती दृश्यक्षेत्राच्या चारही कोपऱ्यांत मोजावी.

दाट: स्फटिक आणि त्यातली वितळणी

व्याप्ती ०.७२च्या पुढे गेली की निष्क्रिय कण षट्कोनी जाळीत बसतात. आता सक्रिय कणाला हाकायला मोकळी जागाच नाही. तो शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात असतो, पण जोर लावणं थांबवत नाही. त्याच्या आसपासची जाळी विस्कटते, पाच आणि सात शेजारी असलेल्या कणांच्या जोड्या दिसू लागतात, आणि तो सरकला तर मागे विस्कळीत पट्टा सोडून जातो. तो पट्टा नंतर औष्णिक हालचालींनी पुन्हा जुळतो. इथे प्रत्येक कणाचा षट्कोनी क्रम-अंक (त्याचे शेजारी किती नीट षट्कोनात बसले आहेत ते सांगणारा आकडा) काढून नकाशा रंगवणं हे सगळ्यात बोलकं माप: परिपूर्ण जाळीत १, विस्कळीत जागी बराच खाली. सक्रिय कणापासूनच्या अंतरानुसार त्याची सरासरी काढली की वितळलेल्या भागाची त्रिज्या मिळते.

दाटीचा आणखी एक परिणाम आहे, सहज न सुचणारा. कण गर्दीत रुतला की त्याचं वळणंही मंदावेल, असा आपला समज असतो. लोझानो, गोमेझ-सोलानो आणि बेखिंगर यांनी २०१९ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये दाखवलं की काचेसारख्या गोठण्याच्या अवस्थेजवळ नेलेल्या निष्क्रिय कोलॉइडमध्ये (द्रवातल्या सूक्ष्म कणांच्या दाट गर्दीत) सक्रिय कणाचं वळणं उलट वाढतं. ढकललेली गर्दी लगेच सैल होत नाही, ती ताण साठवते आणि कणाला परत धक्का देते. म्हणून दाट नमुन्यासाठी विरळ नमुन्यातला वळणकाळ वापरून पेक्ले अंक छापणं चूक आहे. असा अंक अनेक आलेखांच्या आडव्या अक्षावर दिसतो आणि त्यावरून काढलेल्या सीमारेषा तितक्याच कच्च्या असतात.

गर्दीची जात बदलली तर

गर्दी लांब साखळ्यांच्या बहुवारिकाची (पॉलिमरची) असेल, तर वळणं वाढण्याचा हाच परिणाम विरळ कणांतही दिसतो. गोमेझ-सोलानो, ब्लोखुइस आणि बेखिंगर यांनी २०१६ मध्ये पॉलिअॅक्रिलमाइड घातलेल्या द्रवात जेनस कण चालवले. कणाचं वळण-विसरण, म्हणजे दिशा बदलण्याचा झपाटा, शंभरपटीपर्यंत वाढलं. आपल्या आकड्यांत बसवून पाहू: वळणकाळ ११० सेकंदांवरून सुमारे एका सेकंदावर, सरळ धाव ११० मायक्रॉनवरून एका मायक्रॉनवर. स्वतःच्या व्यासाच्या पाव अंतरात दिशा विसरणारा कण कोणाला अडवणार आणि कोणाला हाकणार? अशा द्रवात केवळ ढकलाढकलीने होणारा पुंजका अपेक्षित धरू नये.

साखळ्या कणापेक्षा फार लहान असतील आणि कणांना चिकटत नसतील, तर त्या तिसरंच काम करतात. दोन कण जवळ आले की त्यांच्यामधल्या फटीत साखळ्या मावत नाहीत, बाहेरच्या साखळ्यांचा दाब उरतो आणि कण एकमेकांकडे ओढले जातात. श्वार्झ-लिनेक, पून आणि सहकाऱ्यांनी एडिनबरोत ई. कोलाय जिवाणूंवर हे तपासलं (२०१२). न पोहणारे जिवाणू जेवढ्या बहुवारिकात वेगळे होतात, तेवढं पोहणाऱ्यांना पुरत नाही. पोहण्याचा जोर बंध तोडतो, जास्त बहुवारिक लागतं. आणि विभाजनाच्या अलीकडे जे लहान पुंजके बनतात ते आपोआप एकाच दिशेने गरगर फिरतात. इथे गर्दी ओढते आणि सक्रियता पांगवते, म्हणजे सिलिकाच्या प्रकरणाच्या अगदी उलट वाटणी.

जागेवर घट्ट बसलेल्या अडथळ्यांची गर्दी ही आणखी वेगळी. ती ढकलली जात नाही, त्यामुळे हाकणं हा प्रकारच संपतो. अडथळ्याच्या कोपऱ्यात कण अडकतो आणि तिथे पुंजक्याची सुरुवात होऊ शकते, पण तोच अडथळा मोठ्या समूहाची सलगता तोडतो. मोरॅन, बार्तोलो आणि सहकाऱ्यांनी लिऑनमध्ये विद्युतक्षेत्राने घरंगळणाऱ्या कोलॉइड कणांचे थवे खांबांच्या अनियमित रानात सोडले (२०१७). खांबांची घनता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की थवा पार विस्कटला.

सूक्ष्म नसलेलं, पण इथे आठवण्यासारखं उदाहरण बेंगळुरूचं. नितीन कुमार, हर्ष सोनी, श्रीराम रामस्वामी आणि अजय सूद यांनी २०१४ मध्ये कंपन पावणाऱ्या पृष्ठभागावर निमुळत्या धातूच्या मिलिमीटर मापाच्या काड्या आणि गोल मणी ठेवले. काड्या थोड्या आणि दूर दूर होत्या. मण्यांची दाटी उंबरठ्यापलीकडे गेली की काड्या एका दिशेने चालू लागल्या. चालणाऱ्या काडीने मणी ओढले जातात आणि मण्यांचा तो ओघ दुसऱ्या काडीला वळवतो. निष्क्रिय गर्दी इथे निरोप्याचं काम करते. द्रवात बुडालेल्या सिलिका कणांत हा परिणाम गृहीत धरू नये; तिथे निरोप द्रवाच्या प्रवाहातूनही जातो आणि दोन्ही वेगळे काढणं जिकिरीचं असतं.

खोटे पुंजके

या प्रयोगात पुंजका दिसणं सोपं आहे. तो ठरलेल्या कारणानेच झाला हे दाखवणं अवघड.

सगळ्यात फसवा दोष झोताचा. लेझरचा झोत मध्यभागी तीव्र आणि कडेला मंद असतो. वेग तीव्रतेवर ठरत असल्याने कण कडेला हळू चालतात आणि हळू चालतात तिथे साचतात. शिवाय तीव्रतेच्या उतारात जेनस कण दिशाही बदलतात. त्यामुळे झोत दृश्यक्षेत्राहून बराच मोठा करावा आणि फक्त मधला भाग मोजावा. एकट्या सक्रिय कणाचा वेग मध्यभागी आणि दृश्यक्षेत्राच्या कडेला वेगवेगळा काढून पाहिला तर दोष किती आहे ते कळतं.

दुसरा दोष द्रवाचाच. पाणी-ल्युटिडीन मिश्रण फुटण्याच्या तापमानाजवळ आलं की त्यात बुडालेल्या सारख्या पृष्ठभागांमध्ये क्रांतिक कॅसिमिर बलाने (मिश्रणाच्या प्रमाणातल्या स्थानिक चढउतारांतून येणाऱ्या बलाने) ओढ निर्माण होते, आणि हे बल २००८ मध्ये याच मिश्रणात थेट मोजलंही गेलं आहे. अनेक गरम टोप्या शेजारी आल्या की त्यांच्यामधला द्रव उंबरठ्याजवळ जातो. मग पुंजका ढकलण्याने झाला की ओढीने? यासाठी सेलचं तापमान दोन-तीन अंशांनी खाली नेऊन, तीव्रता वाढवून तोच वेग मिळवावा आणि प्रयोग पुन्हा करावा. पुंजक्यांचा सरासरी आकार फारच बदलला तर ओढीचा संशय धरावा. नुसते निष्क्रिय कण त्याच प्रकाशात ठेवूनही बघावं. तेही गोळा होत असतील तर द्रव आपोआप तापतो आहे.

तिसरा दोष काचेला चिकटलेल्या कणांचा. शंभरात दोन-तीन निष्क्रिय कण चिकटले तरी नमुन्यात स्थिर अडथळे आले आणि पुंजके वारंवार त्याच जागी उगवतात. दिवा बंद असताना पाच मिनिटं चित्रण करावं. मोकळा कण तेवढ्यात आपल्या व्यासाच्या आसपास सरकतो. जो काही शे नॅनोमीटरही हलला नाही तो चिकटलेला. अशा कणांच्या जागा टिपून पुंजक्यांच्या केंद्रांशी ताडून पाहाव्यात. मात्र दाट नमुन्यात हे माप चालत नाही, तिथे मोकळे कणही पिंजऱ्यात असतात.

दिवा बंद केल्यावर पुंजका विरघळतो का, हे तपासणारे बहुतेक जण घाई करतात. एका कणाला विसरणाने स्वतःच्या व्यासाएवढं सरकायला दीड मिनिट लागतं, पण दहा व्यास त्रिज्येचा पुंजका नुसत्या विसरणाने पसरायला तासांच्या घरात वेळ लागतो. दहा मिनिटांनी तो तसाच दिसला म्हणून कण चिकटले असं म्हणता येत नाही. त्याऐवजी कडेच्या कणांकडे पाहावं. काही मिनिटांत कड धूसर व्हायला लागली पाहिजे.

मोजणीत पुंजक्याची व्याख्याही सांभाळावी. दोन केंद्रांतलं अंतर १.२ व्यासाहून कमी म्हणजे शेजारी, ही व्याख्या ०.३ व्याप्तीपर्यंत चालते. ०.६ला निव्वळ निष्क्रिय समूहातही जवळपास सगळे कण या व्याख्येने एकाच पुंजक्यात जातात. तिथे स्थानिक व्याप्तीचा आलेख काढावा, एक शिखर आहे की दोन ते पाहावं, आणि दिवा बंद असतानाच्या आलेखाशी ताडावं.

शेवटी संख्या. २०० गुणिले २०० मायक्रॉनच्या दृश्यक्षेत्रात ०.४० व्याप्तीला सुमारे ११५० कण असतात आणि एक टक्का म्हणजे अकरा-बारा सक्रिय. यादृच्छिक मिसळणीत हा आकडा आठ काय आणि पंधरा काय, सहज होतो. सक्रियांचा वाटा बाटलीवरच्या चिठ्ठीवरून घेऊ नये; प्रत्येक चित्रणात टोप्या मोजून त्या त्या चित्रणाचा खरा वाटा लिहावा आणि निकाल त्या वाट्यानुसारच मांडावा.